देवासमोर खरे सांगणे

ईस्टरच्या आधीच्या दिवसांत मुंबईच्या उपनगरांतल्या कॅथलिक चर्चमध्ये एखादी संध्याकाळ कन्फेशनसाठी राखून ठेवतात. आजूबाजूच्या पॅरिशमधले फादर त्या दिवशी मदतीला येतात. चर्चच्या कडेने, खांबाच्या आडोशाला, व्हरांड्यात खुर्च्या टाकून ते बसतात. कोणाकडे मराठीत बोलता येते, कोणाकडे कोकणीत, इंग्रजी तर बहुतेकांकडे. रांगेत ऑफिसातून परस्पर आलेली माणसे असतात, डब्याची पिशवी अजून हातातच. कॉलेजची मुले असतात, नातवाचा हात धरून आलेल्या आजी असतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच-सात मिनिटे येतात. सांगणारा हळू आवाजात सांगतो, फादर मान खाली घालून ऐकतात, दोन शब्द बोलतात, शेवटी हात उचलून क्षमेचे शब्द उच्चारतात, आणि रांग एका माणसाने पुढे सरकते.

त्या पाच-सात मिनिटांच्या आधी रांगेतल्या माणसाने जे काम केलेले असते किंवा टाळलेले असते, ते या प्रकरणाचा विषय आहे. स्वतःला तपासणे हे एकट्याने उरकायचे काम आहे असे आपण धरून चालतो. एकटा माणूस मात्र या कामात सहसा फसतो. कधी तो स्वतःचा वकील होतो आणि सगळे माफ करून टाकतो, कधी स्वतःचा जल्लाद होतो आणि काहीच माफ करत नाही. ख्रिस्ती परंपरेचा अनुभव असा की क्षमा करायला तयार असलेल्या कोणासमोर तरी बसल्याशिवाय माणसाला स्वतःबद्दल खरे बोलता येत नाही. मला हा अनुभव मोलाचा वाटतो, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही तो परका वाटू नये.

मुलांना हे लवकर शिकवतात. तिसरी-चौथीच्या वयात पहिल्या कम्युनियनची तयारी सुरू होते तेव्हा रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पायऱ्या पाठ करून घेतात: आधी मन तपासायचे, मग झाल्या गोष्टीचे दुःख वाटून घ्यायचे, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, फादरांना सांगायचे आणि ते देतील ते प्रायश्चित्त करायचे. मुले जे घेऊन येतात ते घरोघरी सारखेच असते. आईचे ऐकले नाही, भावाला मारले, गृहपाठ झाला असे खोटे सांगितले. मोठ्यांना या वयातल्या मुलांच्या पापांचे हसू येते. पण मूल जे करते ते मोठ्यांना जमत नाही, कारण मूल घडलेली गोष्ट सांगते. मोठा माणूस स्वभाव सांगतो. ‘मी जरा तापट आहे’, ‘माणसाकडून चुका होतातच’ ही वाक्ये कबुलीसारखी ऐकू येतात, पण त्यांत कोणाचेही नाव नसते, वार नसतो, जागा नसते.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली असे ठरवून दिले की गंभीर पापे, आठवतील तितकी सगळी, प्रकार सांगून एकेक करून कबूल करावीत. कायद्याच्या कलमासारखा वाटणारा हा नियम आहे, आणि काही शतके तो तसाच कोरडेपणाने राबवलाही गेला. त्याच्या मुळाशी मात्र माणसाची चांगली पारख आहे. ‘मी तापट आहे’ म्हणणाऱ्याला कोणाची क्षमा मागायची ते कळत नाही. ‘मंगळवारी रात्री भाजी खारट झाली म्हणून मी आईवर ओरडलो, ती न जेवता उठली, आणि मी टीव्ही बघत राहिलो’ असे म्हणणाऱ्याला ते लगेच कळते. दुसरे वाक्य तोंडातून काढणे किती जड जाते ते करून पाहावे. त्यातही ‘टीव्ही बघत राहिलो’ हा तुकडा सगळ्यात शेवटी बाहेर येतो, कारण ओरडण्याला रागाची सबब असते, बघत राहण्याला कसलीच नसते.

अंधेरीत या कामाची जुनी परंपरा आहे. आज सीप्झच्या कुंपणाआड, कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या गर्दीत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी ते १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे वस्ती हलली, चर्च मरोळला गेले, आणि मूळ वास्तू ओस पडली. साष्टीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घराण्यांच्या कित्येक पिढ्यांनी या जागी आपली पापे मराठी बोलीत सांगितली असतील. बांधणाऱ्या जेझुइटांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना जाऊन तेव्हा तेवीसच वर्षे झाली होती, आणि आत्मपरीक्षणाची जी पद्धत त्यांनी घालून दिली ती या मंडळींच्या अंगवळणी पडलेली होती.

ती पद्धत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात आहे. पोपने त्याला १५४८ साली मान्यता दिली. दिवसाच्या परीक्षणाचे त्यात पाच टप्पे आहेत. पहिला टप्पा पापाचा नाही. दिवसभरात जे मिळाले त्याबद्दल देवाचे आभार मानण्याचा आहे. दुसऱ्यात देवाकडे उजेड मागायचा, कारण आपल्या डोळ्यातले मुसळ आपल्याला दिसत नाही. मग सकाळपासून तासातासाने दिवस आठवायचा: मनात काय आले, तोंडातून काय गेले, हातून काय झाले. चौथ्यात क्षमा मागायची आणि पाचव्यात उद्याचे ठरवायचे. आभारापासून सुरुवात केल्याने सगळ्याची चव बदलते. आज मिळालेल्या चांगल्या गोष्टी ज्याने आधी मोजल्या, तो पुढे आपली चूक पाहताना घाबरत नाही, आणि त्याला ती लपवावीशीही वाटत नाही.

एखादा विशिष्ट दोष सुटत नसेल तर त्यासाठी इग्नेशियस यांनी वेगळी युक्ती सांगितली आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी कागदावर रेघांच्या सात जोड्या ओढायच्या. वरची रेघ सकाळपासून दुपारपर्यंतची, खालची दुपारपासून रात्रीपर्यंतची. तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेघेवर द्यायचे. आठवड्याच्या शेवटी दिवसाशी दिवस ताडून पाहायचा. रेघा दिवसागणिक आखूड होत जातात, जणू ठिपके कमी होतील अशी आशा कागदातच मांडली आहे. दुकानदार रात्री गल्ला मोजून रोजमेळ लिहितो तसे हे दिसते खरे. पण आणखी एक सूचना त्याला हिशेबापलीकडे नेते. दोष घडल्याक्षणी हात छातीवर ठेवावा, चार लोकांत असलो तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही अशा रीतीने. आठच्या लोकलच्या गर्दीत शेजाऱ्याला कोपर मारून पुढे घुसलेला माणूस क्षणभर छातीवर हात ठेवतो असे मी मनात आणून पाहतो, आणि साडेचारशे वर्षांपूर्वीची ती सूचना अगदी आजची वाटते.

महाकाली गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर जेझुइटांचे विनयालय आहे. नव्याने आलेल्या तरुणांना इथे या साधनेत घडवले गेले. सांताक्रूझमध्ये १९३१ साली जन्मलेला अँथनी डिमेलो नावाचा मुलगा १९४७ मध्ये इथे दाखल झाला. पुढे तो जगभर साधनेची शिबिरे घेणारा गुरू झाला. मनात जे चालले आहे ते झटकून न टाकता शांतपणे पाहावे यावर त्याचा भर होता. १९७८ च्या त्याच्या ‘साधना’ या पुस्तकात बौद्ध आणि हिंदू ध्यानाच्या पद्धतींना ख्रिस्ती प्रार्थनेशेजारी बसवले होते. त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्याच्या काही मतांवर आक्षेप घेतला. तो वाद इथे उघडायला नको. आपल्या विषयापुरते त्याचे ऋण असे की पाठ केलेल्या यादीवरून पापे वाचून दाखवणाऱ्या पिढीला त्याने आधी नीट पाहायला शिकवले. निव्वळ पाहत राहण्याने मात्र कबुली होत नाही, तिथे कोणाशी तरी बोलावे लागते.

आणि पाहण्याचाही अतिरेक होतो. स्वतः इग्नेशियस त्यातून गेले होते. सैनिकी आयुष्य सोडून निघालेल्या या माणसाने १५२२ च्या मार्चमध्ये मोन्सेरातच्या मठात सगळ्या आयुष्याची कबुली लिहून काढली. ती द्यायला तीन दिवस लागले. एवढे होऊनही पुढे मान्रेसात त्यांना शंकांनी घेरले. काही राहून तर गेले नाही? सांगितले ते नीट सांगितले का? ते पुन्हा पुन्हा कबुली देत राहिले, उपास करत राहिले, जीव द्यावा असे विचार मनात येऊ लागले. शेवटी जुनी पापे पुन्हा उकरायची नाहीत असे त्यांनी ठरवले आणि तेव्हा ते मोकळे झाले. त्याच्या काही वर्षे आधी जर्मनीतल्या मठात मार्टिन ल्यूथर नावाचा संन्यासीही तासन्‌तास कबुली देऊन आपल्या वरिष्ठांना थकवत होता. दोघे पुढे एकमेकांच्या विरुद्ध छावण्यांत गेले, पण जखम दोघांची एकच. देवाचा चेहरा न्यायाधीशाचा आहे असे मनाने घेतले की परीक्षण संपतच नाही. ल्यूथरने कबुली मोडीत काढली असा समज आहे, तो बरोबर नाही. त्याच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत कबुलीचा नमुना आहे. त्याला नको होती ती सक्ती आणि एकही पाप न विसरण्याची अट.

कोणासमोर कबूल करायचे, हा प्रश्न शुभवर्तमानात दोन माणसांच्या गोष्टीतून उभा राहतो, आणि त्यांतल्या एकावर मराठीत चारशे वर्षांपूर्वी ओव्या रचल्या गेल्या आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे, ते पुष्कळांना ऐकून माहीत असते. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने येशूचा शिष्य पीटर याच्या जीवनावर रचलेले मराठी पुराण १६२९ साली गोव्यात छापले गेले, ते मात्र अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पीटरने येशूला पकडल्याच्या रात्री तीनदा त्याची ओळख नाकारली. ल्यूकच्या वृत्तांतात त्याच वेळी येशू वळून त्याच्याकडे पाहतो, आणि पीटर बाहेर जाऊन ढसढसा रडतो. येशूला पकडून देणाऱ्या ज्यूडासची गोष्ट याच रात्रीला लागून आहे आणि ती आपण नीट वाचत नाही. मॅथ्यूच्या वृत्तांतानुसार ज्यूडासलाही पस्तावा झाला. त्याने आपले पाप स्पष्ट शब्दांत कबूल केले. चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली. नियमाने पाहिले तर त्याची कबुली पीटरपेक्षा पुरी होती. पण तो ज्यांच्याकडे गेला त्या याजकांनी त्याचे काय ते त्यानेच बघावे म्हणून त्याला परतवले, आणि त्याने गळफास घेतला. जिच्याकडून क्षमा मिळाली असती ती व्यक्ती वळून पाहत होती, पण तो तिच्याकडे गेलाच नाही.

ज्यूडासच्या नाण्यांवरून परतफेडीकडे येतो. आत्मपरीक्षणाच्या पुस्तकांत हा भाग चटकन उरकला जातो, आणि उपनगरात तर तोच सर्वांत अडचणीचा आहे. कॅथलिक शिकवणीत चोरलेले परत करण्याची तयारी नसेल तर कबुली अपुरी राहते. जक्कय हा जकातदार येशू घरी येताच म्हणाला की अर्धी संपत्ती गरिबांना देतो आणि लुबाडलेले चौपट परत करतो. आता गावठाणातले एक घर डोळ्यांपुढे आणावे. वडील गेलेले, जागा रिडेव्हलपमेंटला जाणार, भावांनी बहिणीला जेवायला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिने माहेर तुटू नये म्हणून ती दिली. भाऊ दर रविवारी मिस्साला जातो, ईस्टरच्या आधी कन्फेशनला जातो, आणि तिथे रागाची, शिवीगाळीची, प्रार्थना चुकवल्याची कबुली देतो. त्या सहीचा विषय त्याच्या परीक्षणात येतच नाही, कारण सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नोंद झाली म्हणजे ती रीतसर गोष्ट झाली. कामवालीच्या खाड्याचे कापलेले पैसे, भाडेकरूचे अडवून ठेवलेले डिपॉझिट, वॉचमनला रात्रभर उभे ठेवून नाकारलेली खुर्ची, हे सगळे याच जातीचे. इथे क्षमा मागण्याआधी पाकीट उघडावे लागते, नाहीतर कागद बदलून घ्यावा लागतो. धर्मगुरूंनी प्रवचनात ही उदाहरणे नाव घेऊन सांगावीत असे मला फार वाटते.

पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांना याचे भान होते. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले की प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच प्रभूची भाकर खावी. तिथे प्रसंग असा होता की श्रीमंत आधी येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. म्हणजे त्या परीक्षेचा संबंध पंगतीतल्या भेदाशी होता. ‘दिदाखे’ या अगदी प्राचीन ग्रंथात ज्याचे शेजाऱ्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत भाकर मोडायला येऊ नये असे सांगितले आहे. नंतरच्या शतकांत खून, व्यभिचार, श्रद्धात्याग अशा मोठ्या पापांना उघड प्रायश्चित्त असे, आणि त्यातून सम्राटही सुटत नसे. थेस्सलोनिकातल्या कत्तलीनंतर ३९० साली मिलानच्या बिशप अँब्रोझने सम्राट थिओडोशियसला प्रायश्चित्त करायला लावले. एकांतात, पुन्हा पुन्हा देता येणारी कबुली आयर्लंडच्या साधूंनी रूढ केली, आणि १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी ती द्यावी असा नियम केला.

महाराष्ट्राच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये पाळकासमोर एकेकट्याने कबुली देण्याची चाल नाही. प्रभुभोजनाच्या आधी सगळी मंडळी मिळून पापांची कबुली म्हणते. पण प्रामाणिक आत्मपरीक्षणाचे मराठी मातीतले सर्वांत खणखणीत उदाहरण याच बाजूचे आहे, आणि ते पंडिता रमाबाईंचे आहे.

रमाबाई १८५८ च्या. दुष्काळात आईवडील गमावलेली, संस्कृत शास्त्रात पारंगत, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई १८८३ साली इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी वाँटेजला मुलगी मनोरमेसह तिने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावर गदारोळ उठला. तिने तो झेलला. अमेरिकेत तिच्या व्याख्यानांना गर्दी झाली, १८८७ मध्ये तिचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे इंग्रजी पुस्तक आले, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. बाहेरून पाहता श्रद्धेसाठी सर्वस्व पणाला लावलेली स्त्री. आणि हीच स्त्री १९०७ साली आपल्या साक्षीच्या छोट्या पुस्तकात सांगते की बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे तिला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपल्याला जो हवा होता तो मिळालेला नाही हे तिला एका धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना उमगले.

या कबुलीची किंमत काय होती ते लक्षात घ्यायला हवे. तिच्या धर्मांतरावर टीका करणाऱ्यांच्या हातात हे कोलीत होते. ज्या मिशनरी मित्रांनी तिला आधार दिला त्यांच्या दृष्टीनेही ते अवघड होते, कारण बाप्तिस्मा झाला की काम झाले असे मानणाऱ्यांच्या हिशेबात ही आठ वर्षे बसत नव्हती. तिच्याकडे चोरी, खोटेपणा, व्यसन असले सांगण्यासारखे काही नव्हते. तिने कबूल केले ते एवढेच की बुद्धीला पटलेले हृदयाने घेतले नव्हते आणि हे तिला स्वतःलाच कळत नव्हते. ज्या पापाबद्दल कोणी बोट दाखवत नाही, उलट ज्याबद्दल लोक सत्कार करतात, ते ओळखायला लागणारी दृष्टी फार थोड्यांना लाभते. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या १८८८ च्या आत्मचरित्रातही हा सूर आहे. मनाला पटलेले उघड स्वीकारायला आपण किती कचरलो ते त्यांनी झाकून ठेवलेले नाही.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे घडले ते त्यांच्या याच वळणाचे पुढचे पाऊल होते. जानेवारीत त्यांनी प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले तेव्हा सत्तरएक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. महिन्याच्या अखेरीस मुलींना रडू कोसळले, त्या मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, एकमेकींसमोर पापे कबूल करू लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचवून आणलेल्या, कितीतरी विधवा. हा गलबला काही पाहुण्यांना रुचला नाही, पण रमाबाईंनी तो दाबला नाही. आपल्या मुलींनी आपल्या रीतीने देवाला हाक मारावी असे त्यांचे मत होते. मला स्वतःला सामुदायिक कबुलीची धास्ती वाटते. शेजारची रडते म्हणून आपण रडणे सोपे असते, आणि एकांतातले पाप सभेत सांगितल्याने तिसऱ्याच कोणाची अब्रू जाऊ शकते. तरीही ज्या मुलींना आयुष्यात कोणी कधी बोलूच दिले नव्हते त्यांना आपली गोष्ट मोठ्याने सांगायची परवानगी मिळाली, एवढ्यापुरता मी केडगावच्या बाजूने आहे.

मराठी वाचकाला यातले काही नवे वाटणार नाही. तुकोबांनी विठ्ठलासमोर स्वतःचे दोष इतक्या निर्भीडपणे मांडले आहेत की नारायण वामन टिळकांसारखा कवी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगू शकला. घाटकोपर-मुलुंडच्या जैन वस्तीत तर पर्युषणाच्या शेवटी प्रतिक्रमण होते आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत लोक ओळखीच्या प्रत्येकाची क्षमा मागतात. माणसाची क्षमा माणसाकडे जाऊन मागायची, हा भाग ख्रिस्ती माणसाने या शेजाऱ्यांकडून पुन्हा शिकण्यासारखा आहे. देवाकडे क्षमा मागून मोकळे झालो म्हणून बायकोची मागायला नको, असा सोयीचा हिशेब आपल्यात बराच चालतो.

फादरांच्या कानात सांगितलेल्या गोष्टीचा गैरवापर होतो का? होतो, आणि या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये एका स्त्रीच्या कबुलीचा वापर तिला धमकावण्यासाठी केल्याचा आरोप काही पाद्रींवर झाला आणि जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने कबुलीची प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. तेव्हाचे मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी हा धर्मस्वातंत्र्यावरचा घाला असल्याचे सांगितले. शिफारस चुकीची होती असे मलाही वाटते. पण आयोगाने बोट ठेवले ती जागा दुखरी आहे. कॅथलिक नियमानुसार कबुलीत ऐकलेले फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो आणि ऐकलेल्या माहितीचा उपयोगही त्याला कुठे करता येत नाही. तरी गुडघे टेकलेला माणूस आणि खुर्चीत बसलेला माणूस यांच्यात सत्तेचे अंतर असतेच. सोळाव्या शतकात मिलानच्या चार्ल्स बोरोमेओ यांनी मधे जाळी असलेले लाकडी कन्फेशनल बसवायला लावले ते याच अंतराच्या भीतीने, विशेषतः स्त्रियांच्या रक्षणासाठी. आज उघड्या जागी, सर्वांना दिसेल अशा खुर्चीत कबुली ऐकण्याची जी रीत उपनगरांत दिसते ती त्याच काळजीचे आजचे रूप आहे, आणि ती आणखी कडक व्हायला हवी.

परीक्षण व्यक्तीचे होते तसे सबंध समाजाचेही व्हावे लागते. बोरिवलीत माउंट पॉइन्सरच्या टेकडीत मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी लेण्याचे चर्च केले, वर मठ बांधला. त्या मठाच्या भिंती अजून उभ्या आहेत, लेण्याच्या दगडात कोरलेला क्रूसही दिसतो, आणि आत नटराजाचे शिल्प भग्नावस्थेत आहे. पायथ्याच्या आय. सी. कॉलनीत राहणारे कॅथलिक कुटुंब रोज या टेकडीजवळून जाते. हे त्यांनी केलेले नाही, पण त्यांच्या चर्चच्या नावाने झालेले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोमच्या सेंट पीटर्समध्ये चर्चच्या मुलांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाने केलेली बळजबरी आणि इतर धर्मांचा व संस्कृतींचा अवमान या दोन्हींचा त्यात उल्लेख होता. मला ही घटना त्या शतकाच्या धर्मेतिहासातली फार मोठी वाटते. पण आधी म्हटले तेच इथेही लागू आहे: गुन्ह्याला जागा लागते, नाव लागते. मंडपेश्वरचे नाव घेऊन बोरिवलीतल्या एखाद्या प्रवचनात हे बोलले गेले तर रोममधली ती प्रार्थना इथवर पोचली असे म्हणता येईल.

कोविडच्या टाळेबंदीच्या तोंडावर, २० मार्च २०२० रोजी, व्हॅटिकनने कळवले की धर्मगुरूपर्यंत पोचणे शक्य नसेल तर मनापासूनचा पश्चात्ताप आणि जमेल तेव्हा कबुली देण्याचा निश्चय पुरेसा आहे. शिकवण जुनीच होती, लोकांना ती नव्याने कळली. त्या ईस्टरला मुंबईची चर्चही बंद होती आणि कित्येकांनी घरातच, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून देवाला सगळे सांगितले. चर्च उघडल्यावर ते पुन्हा रांगेत आले का, ते ज्याचे त्याला ठाऊक. पुष्कळ वर्षांनी येणारे काही जण खुर्चीसमोर बसतात आणि कसे सुरू करायचे तेच विसरलो म्हणतात. अशा वेळी अनुभवी फादर यादी विचारत नाहीत. सर्वांत जड काय आहे तेवढे आधी सांगा, म्हणतात, आणि बाकीचे त्यामागून येते.

रांग संपल्यावर फादरांचीही पाळी असते. कोणत्याही धर्मगुरूला स्वतःची पापे स्वतः माफ करता येत नाहीत, पोपलाही नाही. २८ मार्च २०१४ रोजी सेंट पीटर्समध्ये पोप फ्रान्सिस लोकांची कबुली ऐकायला निघाले होते. बरोबरच्या अधिकाऱ्याने त्यांची ठरलेली जागा दाखवली, पण ते तिकडे न वळता आधी दुसऱ्या एका कन्फेशनलपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि तिथे बसलेल्या साध्या धर्मगुरूसमोर आपली कबुली दिली. उपनगरांतल्या त्या संध्याकाळीही शेवटचा माणूस गेल्यावर पाहुणे आलेल्या फादरांपैकी एखादा आपली खुर्ची सोडून दुसऱ्या फादरांसमोर जाऊन बसतो.